सराफ्याचा ओटा आणि संधी खर्च

आज अकरावीला केंब्रिजच्या अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमातील ‘संधी खर्च’ (एक पर्याय निवडताना हातचा गेलेला दुसरा सर्वांत चांगला पर्याय) शिकवताना पाठ्यपुस्तकातील परदेशी कारखान्याचे उदाहरण मुलांच्या मनाला भिडेना, तेव्हा पुस्तक मिटून मी आपल्या इंदूरच्या सराफ्याकडे वळलो. सोन्याचांदीची दुकाने रात्री बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस, जलेबी आणि थंडीत गराडू या कंदाच्या कढया मांडल्या जातात. जागा तीच, परंतु ती रिकामी ठेवली तर जे रात्रीचे उत्पन्न हातचे जाते, तोच रिकामेपणाचा संधी खर्च.

एरवी अबोल असणाऱ्या एका मुलीने विचारले, “सर, रात्रीच्या वर्दळीमुळे दुकानांची आपोआप राखण होते, तिचा हिशेब कुठे मांडायचा?” बाह्य लाभांचा, म्हणजे व्यवहाराबाहेरच्या लोकांना आपसूक मिळणाऱ्या फायद्यांचा, धडा पुढच्या सत्रात आहे, ती मात्र आजच तिथे पोहोचली, याचा मला अपार आनंद आहे. उद्याचा तास तिच्याच प्रश्नापासून सुरू करणार आहे.