द रियँ

रविवार, 16 नोव्हेंबर

मंगळवारपासून डोक्यात एकच किडा वळवळतोय, म्हणून शेवटी वही काढली. न. म्हणतो, सोड ना. त्याला काय जातंय, तो त्या वेळी चीजच्या टेबलापाशी होता.

11 तारखेचा, पहिलं महायुद्ध थांबल्याच्या दिवसाचा कार्यक्रम चार वर्षांत यंदा पहिल्यांदा पाहिला, तोही मादाम हाताला धरून घेऊन गेल्या म्हणून. सुट्टी असून पोरं आली होती. चिऊपण, कोटावर निळ्या फुलाचा बिल्ला लावून. मेअरबाई तिरंगी पट्टा घालून स्मारकावरचं एकेक नाव वाचतात आणि प्रत्येक नावामागे पोरं एका सुरात म्हणतात, "मोर पुर ला फ्राँस." फ्रान्ससाठी मेला. एकच आडनाव लागोपाठ तीनदा आलं. चिऊ सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होती, पाढे म्हटल्यासारखी. मला एकीकडे कौतुक वाटत होतं आणि एकीकडे... जाऊ दे.

नंतर हॉलमध्ये सगळ्यांना वाइन. तिथे ते आजोबा. मादामनी त्यांच्या कानाला तोंड लावून ओरडून सांगितलं, "अँद! ही अँदची!" आजोबांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि सांगायला लागले. 1915 साली त्यांची आजी दहा वर्षांची होती. त्यांच्या गोठ्यात 'अँदू' सैनिक उतरले होते. (तेव्हा इथे सगळेच 'अँदू'. शीख असो, पठाण असो, गढवाली असो.) त्यातला एक जण चुलीवर काहीतरी गोल भाजून तिला द्यायचा. ती मरेपर्यंत त्याला क्रेप म्हणायची. एवढं सांगून आजोबांनी हात दाबले. म्हणाले, "मेर्सी, मादाम."

आणि मी म्हटलं, "द रियँ."

म्हणजे, त्यात काय एवढं. काहीच नाही हो. फ्रेंचच्या क्लासमध्ये दुसऱ्या दिवशी शिकवतात. बेकरीत दार धरलं, द रियँ. कुणाचा पडलेला हातमोजा उचलून दिला, द रियँ. तोंडाला इतकं बसलंय की कशाबद्दल म्हणतेय हे कळायच्या आत निघून गेलं. आजोबांनी मान डोलावली आणि गेले.

आई असती तर "अगंबाई, आभार कसले" म्हणून मोकळी झाली असती. पण अर्थ तोच की! मग मला का टोचावं? आईला फोन करायचा राहिलाय. गुडघ्याचं काय ठरलं ते विचारायचंय.

रात्री वाचत बसले. नव्ह शापेल इथून गाडीनं वीस मिनिटांवर. 10 मार्च 1915 ला सकाळी तिथे इंग्रजांच्या फौजेचा जर्मनांवर हल्ला सुरू झाला. हल्ला करणाऱ्यांत निम्मे हिंदुस्थानी. गाव पहिल्याच दिवशी घेतलं, पुढे काही सरकता येईना, चार दिवसांनी थांबले. शिपायाचा पगार महिना अकरा रुपये. वर्ष संपता संपता उरलेल्या पायदळाला इथून उचलून मेसोपोटेमियात नेलं. आणि मी म्हणते, काहीच नाही हो.

खरं सांगायचं तर मला त्या मेर्सीचा आनंद झाला होता. हे न.ला सांगितलेलं नाही. चार वर्षांत या देशात कुणी माझे दोन्ही हात हातात घेतले नाहीत. कागदांसाठी रांगेत उभं राहा, खिडकीतल्या बाईनं "पुन्हा सांगा" म्हटलं की पुन्हा सांगा, बसमध्ये शेजारची जागा शेवटी भरणार. इथे मी कधी कुणाची कोणी नव्हतेच. पहिल्यांदा कुणीतरी गहिवरून बघितलं, तर ते माझ्या मागे उभ्या असलेल्या कुणाकडे तरी. आणि मी गुपचूप स्वतःच्या खात्यात जमा करून घेतलं. वर पावतीही दिली.

आज दुपारी न.ला गाडी काढायला लावली. बीट काढून झालंय, शेतं चिखलानं भरलेली. एका वळणावर शेताच्या कडेला गंजका तोफगोळा ठेवलेला, दुधाची रिकामी बाटली ठेवावी तसा. नांगरात अजून निघतात. शेतकरी बाजूला ठेवतो, फोन करतो, निकामी करणारे येऊन घेऊन जातात. नव्ह शापेलचं हिंदुस्थानी सैनिकांचं स्मारक ज्या चौफुलीवर आहे तिचं नाव ला बाँब. खरंच.

गोल भिंत, उंच खांब, वर कमळ, पायथ्याशी दोन दगडी वाघ. खांबावर ईश्वर एक, विजय त्याचाच अशा अर्थाची ओळ चार लिप्यांत, त्यात आपली देवनागरी. चिऊनं अक्षरं लावून वाचली आणि "ही हिंदी आहे, मराठी नाही" असा शेरा मारला. भिंतीवर 4,700च्या वर नावं, ज्यांची कबर कुठे आहे ते माहीत नाही त्यांची. यातल्या कितीतरी जणांना कबर नकोच असणार. मादामचे मिस्यू गेले तेव्हा शारिताब्लवाल्यांनी खांदा दिला होता. पांढरे हातमोजे, दोन टोकांच्या काळ्या टोप्या. 1188 च्या प्लेगपासून बेत्यूनकडची ही मंडळी कुणाचंही प्रेत नेतात, गरीब-श्रीमंत बघत नाहीत, पैसे घेत नाहीत. यांना कुणी... असो.

मग सॅपर्स अँड मायनर्सची, म्हणजे खंदक-सुरुंग खणणाऱ्या सैनिकांची, नावं दिसली आणि मला हसूच आलं. 28 ऑक्टोबर 1914 ला याच गावावर 47व्या शीख पलटणीबरोबर चालून गेल्या त्या 20 आणि 21 नंबरच्या सॅपर्सच्या कंपन्या. त्या बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे खडकीच्या! दहा वर्षं शाळेला जाताना त्यांच्या भिंतीला लागून आमची पीएमटी जायची. मी खिडकीत बसून चिंचा खायची. आत काय आहे, कधी विचारलं नाही. एवढाच काय तो माझा हक्क. पीएमटीच्या पासाइतका. तेवढ्यावर 'द रियँ' म्हणायला हरकत नसावी, नाही का? उलट माझ्यापुरतं अगदी बरोब्बर उत्तर आहे ते. मी काय केलं? काहीच नाही हो.

थंडी फार होती. न. रस्त्यापलीकडचं पोर्तुगीजांचं कब्रस्तान बघून आला, 1,831 दगड. मी गाडीत बसून राहिले.

येताना मादामकडे डोकावले. चिकोरीची कॉफी झाली. धीर करून सगळं सांगितलं, विचारलं की आजोबांना वाईट वाटलं असेल का? मादाम इतक्या हसल्या की कप खाली ठेवावा लागला. म्हणाल्या, "त्याला? कानाशी ओरडल्याशिवाय त्याला काही ऐकू येत नाही गं, पंधरा वर्षं झाली."

मी काही ओरडले नव्हते. मग त्यांनी मान कशाला डोलावली?