बंद दालनातून रसिकांपर्यंत: माझा अनुभव

मार्च २०२० मध्ये आमचे कलादालन बंद झाले, तेव्हा नुकतेच लावलेले निसर्गचित्रांचे प्रदर्शन भिंतींवर तसेच राहिले आणि ते रसिकांच्या घरी पोहोचवण्याची जबाबदारी माझ्याकडे आली.

सुरुवातीला आम्ही संपूर्ण दालनाची आभासी फेरी तयार केली. दारातून आत शिरायचे आणि बाणांवर बोट ठेवत पुढे सरकायचे, अशी तिची रचना होती. लोक आले, पण पहिल्या दोन भिंतींपलीकडे फारसे कोणी गेले नाही, कारण चार फुटी चित्र मोबाइलच्या पडद्यावर पोस्टाच्या तिकिटाएवढे दिसत होते. दालन दाखवण्याच्या नादात चित्रच हरवले होते, आणि याची मला मनापासून खंत वाटली.

त्या दिवसांत लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाने लोकांना घरातल्या वस्तू वापरून आवडती कलाकृती साकारण्याचे आवाहन केले होते. न्यूयॉर्कच्या ‘फ्रिक संग्रह’ या कलासंग्रहालयाचे अभिरक्षक (क्युरेटर) दर आठवड्याला एकाच कलाकृतीवर बोलत होते, तर ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियम या संग्रहालयाने मे महिन्यात डच चित्रकार रेम्ब्रांच्या ‘नाइट वॉच’ या चित्राचे ४४.८ अब्ज पिक्सेलचे छायाचित्र सर्वांसाठी खुले केले. एका चित्रापाशी पुरेसा वेळ थांबू दिले तर लोक थांबतात, हे मला त्यातून उमगले.

मग आम्ही आठवड्याला एकच चित्र घेऊ लागलो. काच काढून, बाजूने तिरपा प्रकाश टाकून छायाचित्रे नव्याने घेतली, तेव्हा रंगाचे उंचवटे दिसू लागले. एका नदीकाठाच्या चित्रात दुरून सलग वाटणाऱ्या हिरव्या रंगाखालून तांबूस अस्तराची, म्हणजे आधी दिलेल्या तळाच्या थराची, बारीक रेघ डोकावत होती. चित्रकाराने ती मुद्दाम उघडी ठेवली होती. चित्र दालनाच्या मालकीचे असले तरी त्याच्या प्रतिमेचे हक्क आपोआप आपल्याकडे येत नाहीत, म्हणून प्रत्येक चित्रकाराची लेखी परवानगी घेतली. हे काम कंटाळवाणे खरे, पण टाळण्यासारखे नव्हते.

आमच्या ज्येष्ठ रसिकांपैकी बरेच जण ईमेल उघडत नसत. त्यांना मी एकेक करून फोन केला आणि पुढे व्हॉट्सॲपवर चित्रासोबत दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रित निवेदन पाठवू लागले. दृष्टी गेलेल्या एका बाईंनी नदीकाठाच्या चित्राचे निवेदन ऐकून मला फोन केला आणि विचारले, “ताई, नदी कुणीकडून कुणीकडे वाहते?” मी रंगांविषयी भरभरून बोलले होते, मात्र पाहणारा नेमका कुठे उभा आहे, हेच सांगितले नव्हते. त्याच संध्याकाळी मी ते निवेदन पुन्हा मुद्रित केले: आपण डाव्या काठावर उभे आहोत, पाणी आपल्याकडून दूर, उजवीकडच्या टेकडीच्या दिशेने वाहते आहे.