बसता येईना, उठता येईना!
अमेरिकेत वायोमिंगमधल्या रँचवर, म्हणजे गुरांच्या मोठ्या फार्मवर, आज तिसरा दिवस. बिगहॉर्न डोंगरांच्या पायथ्यापासून घोड्यावर बसून गाई-वासरं वरच्या कुरणात न्यायची होती, मला वाटलेलं रमतगमत जायचं, छे! वासरू मागे राहिलं की गाय सरळ उलटी फिरते, मग बाकीच्या पण अडतात, म्हणून माझी ड्युटी सगळ्यात मागे, धूळ खात. माथेरानला लगाम घोडेवाल्याच्या हातात असतो हो, इथे लगाम एका हातात धरून मानेला नुसता टेकवला की घोडी वळते. खरं तर तिलाच सगळं कळत होतं, वासरू कळपातून फुटायच्या आधीच ही तिकडे वळलेली आणि मी आपली खोगिराचा पुढचा खुंट घट्ट धरून 😅 आता मांड्या अशा भरल्यात की पायरी उतरताना आई गं होतंय, आणि नवरा विचारतोय फोटो कुठेयत. अरे हात मोकळा कुठे होता!