आमची वाटचाल : एका लाइनीवर एकच मास्टर

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत गाळा घेतला तेव्हा आमचं काम फाउंड्रीपुरतंच होतं. भट्टीवरचे टेंपरेचर कंट्रोलर आरएस-४८५ वरून (एकाच तारेवर अनेक यंत्रं जोडायची सिरियल लाइन) कन्व्हर्टरला (सिरियलचा डेटा इथरनेटवर, म्हणजे लॅनच्या तारेवर, घालणारी पेटी), तिथून लॅनवर, आणि ऑफिसच्या पीसीवर आमचा प्रोग्रॅम. पहिली ऑर्डर एका फाउंड्रीवाल्या काकांनी दिली. इंडक्शन फर्नेस चढली की लाइनीवर नुसता कचरा, सीआरसी, म्हणजे डेटा बरोबर आला का ते तपासायचा आकडा, जुळायचाच नाही. शिल्डवाली केबल पॉवरच्या केबलपासून लांबून नेली, १२० ओहमचे रेझिस्टर फक्त दोन टोकांना ठेवले, तेव्हा रीडिंग बसलं. काका रात्रपाळीत आमच्यासोबत उभे होते. मधल्या प्रत्येक जोडणीला रेझिस्टर ठोकणारे आजही भेटतात. तसं करू नका.

पुढे निपाणी, संकेश्वर, चिकोडी पट्ट्यात साखर कारखान्यांचे वजनकाटे मिळत गेले. ती वर्षं बरी गेली.

मग एका कारखान्यात, ऐन गळीत हंगामात, भरलेल्या ट्रॅक्टरच्या पावतीवर रिकाम्या गाडीचं वजन छापून येऊ लागलं. सारखं नाही, अधूनमधून. पण ऊसवाल्याचं वजन कमी लागलं तर तो गप्प कसा बसेल? काट्याच्या खिडकीशी गर्दी, मागे यार्डभर रांग. आमच्या एका स्पर्धकानं वर जाऊन सांगितलं, ‘यांचं काम कच्चं आहे, सिरियलचा डेटा इथरनेटवर हरवतो.’ आमचं बिल अडलं, बाकीच्या कारखान्यांनी फोन उचलणं सोडलं, पोरांचे पगार थकले. गाळा विकायची बोलणी सुरू झाली होती. तेव्हा काकांनी पुढच्या वर्षाच्या मेंटेनन्सचे पैसे आगाऊ आणून दिले, कागदसुद्धा मागितला नाही.

टीसीपी, म्हणजे लॅनवर डेटा नेण्याची ठरलेली पद्धत, बाइट गाळत नाही, क्रमही बदलत नाही. तो फक्त संदेशाची हद्द पाळत नाही. वजनाची एक स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) दोन तुकड्यांत येऊ शकते, म्हणून आमचा प्रोग्रॅम पहिल्यापासून बफरात साठवतो आणि ईटीएक्स (स्ट्रिंग संपल्याची खूण) आल्यावरच वजन धरतो. दोष तिथं नव्हताच.

लॅनच्या स्विचचा पोर्ट मिरर करून, म्हणजे तिथल्या डेटाची नक्कल घेऊन, वायरशार्क (तो डेटा उलगडून दाखवणारा प्रोग्रॅम) लावला. कन्व्हर्टरशी दोन आयपी (लॅनवरच्या यंत्रांचे पत्ते) बोलत होते! दुसरा आयपी त्याच स्पर्धकाच्या ‘डेमो’ लॅपटॉपचा. कन्व्हर्टरमध्ये कनेक्शनची मर्यादा आम्ही १ ठेवली होती, ती कुणीतरी २ केलेली. भरलेल्या गाडीचा काटा पत्ता ०१, रिकाम्याचा ०२, दोन्ही एकाच लाइनीवर. आम्ही ०१ ला विचारायचं, त्याच क्षणी लॅपटॉपनं ०२ ला. म्हणजे एका लाइनीवर प्रश्न विचारणारे, मास्टर, दोन. कन्व्हर्टर आलेलं उत्तर दोघांनाही वाटतो, आणि त्या इंडिकेटरच्या (काट्याचं वजन दाखवणारा डबा) उत्तरात पत्ता नसतो. मॉडबस (यंत्रांनी आपसात बोलण्याची ठरलेली पद्धत) असता तर उत्तरासोबत पत्ता आला असता आणि भानगड पहिल्याच दिवशी उघडी पडली असती.

लॅपटॉप काढला, पावत्या सरळ झाल्या. चूक कुणाची हे मात्र कुणी चार लोकांत बोललं नाही, आणि तो माणूस आजही नव्या गिऱ्हाइकाला जुनीच गोष्ट ऐकवतो.

या धंद्यात नवीन येणाऱ्यांनी व्हर्च्युअल कॉम पोर्टवर (लॅनवरचा कन्व्हर्टर पीसीला सिरियल पोर्ट म्हणून दाखवणारं सॉफ्टवेअर) विसंबू नये, थेट सॉकेट (प्रोग्रॅमनं कन्व्हर्टरशी जोडलेलं टीसीपी कनेक्शन) उघडावा. केबल निसटली तरी सॉकेट बराच वेळ जिवंत दिसतो, तेव्हा कीपअलाइव्ह (कनेक्शन जिवंत आहे का ते अधूनमधून विचारणं) आणि टाइमआउट (उत्तराची वाट किती पाहायची ती मुदत) आपले आपण ठेवावेत. कन्व्हर्टरला कंपनीनं घालून दिलेला मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. आम्ही आता प्रत्येक सेटिंगचा प्रिंट काढतो आणि कारखान्याच्या इलेक्ट्रिकल खात्याची सही घेतल्याशिवाय साइट सोडत नाही.