तुम्ही विचारलंत म्हणून: काचेची भिंत किती मोठी घ्यायची?

नवे घर बांधायला निघालेले कुटुंब पहिल्या अर्ध्या तासात मला जो प्रश्न विचारते, तो जवळजवळ ठरलेला असतो: "घर निसर्गाशी जोडलेले हवे आहे, तर काचेची भिंत किती मोठी घ्यायची?" सोबत मोबाइलमध्ये जपून ठेवलेली छायाचित्रे असतात. त्यांत जमिनीपासून छतापर्यंत काच, पलीकडे हिरवळ, अलीकडे एक पांढरा सोफा, आणि माणूस एकही नाही. इतकी वर्षे घरांचे आराखडे काढल्यावर माझे म्हणणे असे झाले आहे की काच बाहेरचे दाखवते, पण बाहेर नेत नाही. घर आणि बाग जोडली जातात ती त्यांच्या मधल्या, धड आत नाही आणि धड बाहेर नाही अशा जागेत. त्यामुळे पैसा आणि विचार आधी त्या जागेवर खर्च करावा, काचेचे माप त्यानंतर ठरवावे.

काचेच्या घराचा दाखला म्हणून बहुतेक जण वास्तुविशारद मीस व्हान डेर रोहे यांनी आखलेल्या एका घराकडे बोट दाखवतात. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, फॉक्स नदीच्या काठी, डॉ. ईडिथ फार्न्सवर्थ यांच्यासाठी बांधलेले हे घर 1951 मध्ये पूर्ण झाले. ते देखणे आहे यात वाद नाही. पण चारही बाजूंच्या एवढ्या काचेत उघडता येण्याजोगे काय होते, तर एका टोकाला दार आणि दुसऱ्या टोकाला दोन लहान झडपा. उन्हाळ्यात ते तापत असे, थंडीत काचेवर आतून पाणी धरत असे, आणि राहणाऱ्या बाईंना आपण सतत कोणाच्या तरी नजरेसमोर आहोत असे वाटत राहिले. शिवाय ते एकट्या व्यक्तीचे सुट्टीचे घर होते, हे मुलाबाळांच्या घरासाठी त्याचा नमुना घेणारे विसरतात.

याउलट वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी 1935 मध्ये पेनसिल्व्हेनियात कॉफमन कुटुंबासाठी घर आखले, तेव्हा घर धबधब्यासमोर असेल अशी कुटुंबाची अपेक्षा होती. राइट यांनी ते धबधब्याच्या माथ्यावरच ठेवले. परिणामी दिवाणखान्यातून धबधबा दिसत नाही, तो ऐकू येतो. तिथूनच एक जिना थेट प्रवाहापर्यंत उतरतो, आणि शेकोटीपुढे मूळचा खडक फरशीतून वर आलेला तसाच राहू दिला आहे. पाहायला कमी मिळाले, तरी कानाला आणि पायाला जे मिळाले ते कितीतरी जास्त आहे. (त्या घराचे सज्जे पुढे झुकत गेले आणि 2002 मध्ये ते ताणलेल्या पोलादी केबलांनी सावरावे लागले, हा भाग वेगळा; माझे स्ट्रक्चरल इंजिनिअर मित्र मला तो न चुकता ऐकवतात.)

तेव्हा प्रश्न मधल्या जागेचा, म्हणजे ओसरीचा. ती सव्वा मीटर रुंद ठेवली तर तिथून लोक फक्त ये-जा करतात. अडीच मीटर ठेवली तर टेबल-खुर्च्या मांडूनही मागून एक माणूस सहज जातो, आणि मगच कोणी तिथे अभ्यासाला किंवा भाजी निवडायला बसते. मात्र एवढे खोल छप्पर खोलीतला उजेड खाते. खिडकीच्या वरच्या कडेची फरशीपासून जेवढी उंची, तिच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंतच दिवसाचा उजेड खोलीत नीट पोहोचतो, असा ढोबळ हिशेब आहे, आणि समोर छप्पर आले की तोही घटतो. म्हणून मी ओसरीचे छप्पर खोलीच्या छतापेक्षा खाली घेतो आणि त्याच्या वरच्या भिंतीत आडवी खिडकी ठेवतो, जिच्यातून आकाशाचा उजेड थेट आत उतरतो.

उंबरठा हा माझा दुखरा विषय आहे. व्यवसायाच्या सुरुवातीला एका कुटुंबाने आजींच्या चाकाच्या खुर्चीसाठी आतली आणि बाहेरची फरशी एका पातळीत मागितली. मागणी रास्त होती आणि मी ती उत्साहाने पुरी केली: सरकत्या दाराचा रूळ फरशीत बुजवला, बाहेरच्या बाजूला जाळीखाली एक अरुंद पन्हळ दिली, आणि तिला पाणी जायला एकच तोंड ठेवले. वर एक बारीक पानांचे झाड होते, ज्याचे मला कौतुक होते. पहिल्याच मोठ्या पावसात त्या पानांनी ते तोंड बंद केले, पाणी रूळ ओलांडून लाकडी फरशीत मुरले आणि फळ्या कडांनी वर उचलल्या. सकाळी मी पोहोचलो तेव्हा आजी पाय वर घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "निसर्ग आत आणतो म्हणाला होतास, तो आला बाबा." तेव्हापासून सपाट उंबरठा करायचा असेल तर पन्हळ हात घालून साफ करता येईल एवढी रुंद, तिला दोन तोंडे, बाहेरच्या फरशीला दारापासून दूर जाणारा उतार, आणि वर भरपूर पुढे आलेले छप्पर, यांतले एकही मी सोडत नाही.

खिडक्यांच्या बाबतीत मी माणसांना खुर्चीवर बसवून माप घेतो. बसलेल्या माणसाचा डोळा फरशीपासून साधारण 1.2 मीटरवर असतो, आणि चौकटीची आडवी पट्टी हमखास त्याच उंचीवर येऊन झाडाचे दोन तुकडे करते. पलंगावरून काय दिसते हेही पाहावे. रॉजर उल्रिच या संशोधकांनी 1984 मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या 46 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. ती खिडकी रुग्णालयाची होती, काचेची भिंत नव्हे.

वाऱ्याचे थोडक्यात सांगतो: त्याला येण्याइतकीच जाण्याचीही वाट लागते, म्हणून समोरासमोर उघडणाऱ्या दोन साध्या खिडक्या एका भल्यामोठ्या बंद काचेपेक्षा उपयोगी ठरतात. जागा लहान आहे ही सबबही मला पटत नाही. श्रीलंकेचे वास्तुविशारद जेफ्री बावा यांनी कोलंबोत चार लहान घरे एकत्र करून स्वतःचे घर केले, आणि त्यात उजेड, वारा, पाऊस येतो तो छोट्या छोट्या चौकांतून.

आता काचेचे माप. ओसरीच्या सावलीत जेवढी मावेल तेवढी काच घ्या, आणि तिच्यातली निम्मी तरी उघडणारी असू द्या. पुढच्या भेटीला येताना छायाचित्रे आणली नाहीत तरी चालेल. जागेवरच्या प्रत्येक झाडाचे खोड आणि फांद्यांचा घेर दाखवणारा नकाशा आणा, आणि घरातले कोण कोणत्या वेळी कुठे बसते याची एक यादी. ती यादी आजी-आजोबांना आणि मुलांना विचारून करा, कारण मोठ्यांनी परस्पर केलेल्या यादीत सगळे जण नेहमी दिवाणखान्यातच बसलेले असतात.