आमची वाटचाल: साबुदाण्याएवढे गोळे आणि ७ बार हवा

भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात आम्ही कॉम्प्रेसर दुरुस्ती करायचो. पावसाळा लागला की फोन सुरू: "साहेब, हवेच्या लायनीत पाणी येतंय." कॉम्प्रेसर बिचारा बहुतेकदा निर्दोष असे. आठ भाग दमट हवा दाबून एका भागात कोंबली की वाफ जाणार कुठे? थोडं पाणी टाकीच्या ड्रेनमधून पडतं, बाकीची वाफ पाइपात गार होते आणि थेंब बनून पेंटच्या गनमधून बाहेर येते.

हवा गार करून सुकवणारा रेफ्रिजरेशन ड्रायर ३ अंशांच्या आसपासचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते) देतो. बहुतेकांचं त्यात भागतं. ज्यांना उणे ४० लागतो, त्यांच्यासाठी आम्ही दोन टॉवरचा ड्रायर बनवायला घेतला. दोन्हीत ओल शोषणाऱ्या अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिनाचे साबुदाण्याएवढे गोळे. एक टॉवर हवा सुकवतो, तोवर दुसरा स्वतः वाळतो. ५ मिनिटांनी पाळी बदलते. हीटर नाही. सुकलेल्या हवेतली साधारण १५ टक्के हवा दाब उतरवून दुसऱ्या टॉवरमधून उलटी सोडायची. दाब उतरला की ती हवा आणखी कोरडी होते आणि गोळ्यांतली ओल ओढून सायलेन्सरवाटे बाहेर नेते.

पहिला ड्रायर तीन आठवड्यांत परत आला. ड्रायरनंतरचा फिल्टर पांढऱ्या पुडीने गच्च! चूक माझीच. एक व्हॉल्व्ह वाचवायला मी टॉवर हळूहळू भरण्याची पायरी गाळली होती. दाब उतरलेल्या टॉवरवर ७ बार दाबाची हवा एकदम आदळली की गोळे उसळतात, एकमेकांवर घासून त्यांचं पीठ होतं. माल फुकट बदलून दिला, दोन महिन्यांची कमाई त्यात गेली. तेव्हापासून आमच्या टायमरमध्ये पाळी बदलण्याआधी दाब बरोबरीला आणायचा वेळ ठेवलेलाच असतो.

दुसरा वैरी तेल. गोळ्यांवर तेलाचा थर बसला की ते पिवळे पडतात, मग तपकिरी, आणि कितीही हवा सोडा, वाळत नाहीत. म्हणून आधीच्या ऑइल फिल्टरशिवाय ऑर्डर घेत नाही. काही गिऱ्हाइकं त्यामुळे गेली. जाऊ देत.

राहिली ती १५ टक्के हवा. "फुकट उडवता," म्हणत मेंटेनन्सवाले ती हवा सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह आवळून ठेवायचे आणि महिन्याभरात दवबिंदू वर चढला म्हणून आम्हालाच बोलवायचे. आता तिथे ठरावीक भोकाची चकती बसवतो. ती काढायला पाना लागतो.