ग्लेझच्या सामायिक यादीतलं हरवणारं शून्य

मातीकामाच्या स्टुडिओची ग्लेझ-यादी (भांड्यांवरच्या काचेसारख्या लेपाच्या कृती) एक्सेलमध्ये असेल, तर कोनचा, म्हणजे भट्टीच्या तापमानाच्या मापाचा, रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्या. नाहीतर ०६ लिहिलं की एक्सेल पुढचं शून्य गुपचूप खातं आणि उरतो ६. कोन ०६ म्हणजे साधारण १००० अंश सेल्सिअस, कोन ६ म्हणजे १२२०च्या आसपास. ०६चं ग्लेझ तिथवर तापवलं तर बहुधा ओघळून भट्टीच्या फळीला चिकटेल.

कृतीत मूळ घटकांची बेरीज १००, रंगाचे ऑक्साइड त्यावर वेगळे. पोटॅश फेल्डस्पार ४०, सिलिका ३०, व्हाइटिंग (खडूची पूड) २०, केओलिन (पांढरी चिनी माती) १० ही कोन १०ची नेहमीची कृती. त्यात ८ रेड आयर्न ऑक्साइड घातलं की बेरीज १०८. कुणीतरी ती 'दुरुस्त' करून १००वर आणतं, लोह ७.४ दिसतं आणि तीच कृती नव्या नावाने पुन्हा यादीत शिरते. म्हणून दुबार कृतींचा शोध नावाने नको, मूळ घटकांच्या प्रमाणाने घ्या. 'टेनमोकू' (लोहाचं गडद ग्लेझ) नावाची तर ढिगाने सापडतील!

नुसतं 'फ्रिट' (आधीच वितळवून दळलेली काच) लिहिलेली, क्रमांक नसलेली नोंद सरळ परत पाठवावी. फेरो कंपनीच्या ३१३४ क्रमांकाच्या फ्रिटमध्ये अॅल्युमिना जवळपास नाही, ३१२४मध्ये चांगलं आहे. अदलाबदल झाली की ग्लेझचं वाहणंच बदलतं. 'फेल्डस्पार'चंही तेच: सोडा की पोटॅश, लिहाच. सोडा फेल्डस्पारने ग्लेझमधले बारीक तडे वाढतात.